आईचा सीआरपी

“रक्तातला सीआरपी एवढा वाढलाय म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे. कुठे, ते रिपोर्ट सांगत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काकू, काय दुखतंय?”

“कुठे काय, काहीच नाही.” आईने मास्क आणखी वर ओढला.

माझ्या लग्नाला महिना उरला होता आणि मी नको नको ते आजार मनात आणत होते.

डॉक्टरांनी मास्क काढायला लावला. नाकपुडी लालबुंद सुजलेली आणि टोचलेलं भोक चिघळलेलं.

“बाबा गेल्यावर बुजलं होतं ना ते?” मी ओरडलेच.

“घरीच टोचलं परत. सुईने.”

“गोळ्यांनी जखम भरेल, सीआरपीही उतरेल,” डॉक्टर हसल्या.

मी आईवर तडकणार, तेवढ्यात ती त्यांच्याकडे झुकली. “हिच्या लग्नापर्यंत भरेल ना? नथ घालायचीय मला.”