खुंटीवरची पिशवी

आमच्या मुलखाचा मॅनिटोबा प्रांत झाला, आता नदीकाठच्या आपल्या जमिनी कागदावर येणार, म्हणून माझा नवरा मोईझ खुशीत होता. उन्हाळ्यात नेहमीसारखे आम्ही सगळे गव्यांच्या शिकारीला गेलो. जाताना दार उघडंच ठेवलं, चुलीशी लाकडं रचली, खुंटीला कुटलेल्या मांसाची पिशवी टांगली. वाटसरू उपाशी जाऊ नये, ही आमची रीत. परतलो तर दाराला परक्याचं कुलूप. जमिनीच्या कचेरीत धावलो, तर तिथला साहेब म्हणाला, “घर बेवारस होतं. दुसऱ्याला दिलं.” “बेवारस? अहो, शिकारीला गेलो होतो!” मी ओरडले. “बाई, मी स्वतः तपासलंय. वादळात अडकून दोन दिवस तिथंच राहिलो. चिटपाखरू फिरकलं नाही.” मोईझनं हळूच विचारलं, “मग खाल्लंत काय, साहेब?” “खुंटीवरचं मांस. झकास होतं! आंबटगोड फळं कसली घातली होती हो त्यात?” मी सांगितलं. तेवढं मात्र त्यानं वहीत लिहून घेतलं.