द्वारकाबाईंचा चेहरा

पांगरेकर कुलमंडळाच्या सभेत पडद्यावर एक स्त्री दिसत होती. तिचं कपाळ आणि हनुवटी स्पष्ट होती, डोळ्यांच्या जागी मात्र नुसतं धुकं होतं. ती अध्यक्ष भास्कररावांची आजी, द्वारकाबाई. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. हयात वंशजांच्या लाळेवरून यंत्र तिचा चेहरा जुळवत होतं आणि सगळ्या पांगरेकरांची लाळ देऊन झाली होती.

"डोळे त्यांच्या दुसऱ्या मुलांकडे गेले असणार," यंत्रावरच्या बाई म्हणाल्या.

विधवा झाल्यावर द्वारकाबाई तान्हा मुलगा सासरी ठेवून दुसरं लग्न करून गेल्या होत्या. त्या लग्नाची मुलं वंशवृक्षात नव्हती.

सभेची बातमी वाचून आलेल्या साठीच्या वृंदा घैसास मागच्या रांगेतून उठल्या. "मी त्यांची पणती. लाळ देते, पण आधी माझ्या आजोबांचं नाव लिहा."

"ते आमच्या कुळातले नाहीत," भास्करराव म्हणाले.

"कुळातले नाहीत. पण तिचे आहेत."

भास्कररावांना वडील आठवले. आईचा चेहरा आठवत नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणत. भास्कररावांनी चिटणिसांना नाव लिहायला सांगितलं.

थोड्या वेळाने धुकं विरलं आणि दोन घारे डोळे दिसू लागले. भास्करराव पुष्कळ वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी वळून वृंदाताईंकडे पाहिलं.

"आपलं नातं काय लागतं?"

"मी तुमची पुतणी, काका."

"मग पुढे ये," शेजारची खुर्ची ओढत ते म्हणाले. "मागे का बसलीस?"