डावी बाजू

परदेशात खेळायला लागल्यापासून सुनेला माज चढलाय, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. चहा पुढे धरला तरी बाईसाहेब ढुंकून बघायच्या नाहीत. आजही तेच. उद्या संघाचं विमान, म्हणून ती बॅग भरत बसलेली आणि सासूबाई तिच्या डावीकडे कप धरून ताटकळलेल्या. शेवटी चडफडत त्या उजवीकडे गेल्या, तर तिने लगेच हसून कप घेतला.

सासूबाई पुन्हा तिच्या डावीकडे आल्या. गेल्या महिन्यात सुनेच्या हेल्मेटवर बसलेला चेंडू त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. डावीकडेच बसला होता.

त्यांनी पायमोज्यांचा गोळा केला आणि डावीकडून हलकेच फेकला. जगात नावाजलेल्या विकेटकीपरचा हातसुद्धा हलला नाही. गोळा कानशिलावर आपटला, तेव्हा ती दचकली.

"लक्ष नव्हतं हो, आई."

"कधीपासून दिसत नाही?"

सून मान खाली घालून म्हणाली, "कुणाला बोलू नका. संघातून काढतील."

सासूबाईंनी बॅगेतले ग्लोव्हज उचलून काखेत मारले.

"तुझा माज मी जन्मभर खपवून घेतला असता, हे नाही खपवणार. ऊठ, डॉक्टरकडे चल."