तीन ठोके

खाणीतल्या गुलाबी ग्रॅनाइटमधल्या भेगा दिसायला हव्या असतील, तर खडकात साठलेले जुने आवाज यंत्रावर आधी पुसावे लागत. यल्लव्वा सुरुंग, ट्रक, शिव्या रोज बिनदिक्कत पुसायची. आज तिचा हात अडला. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. यंत्र तारखा दाखवत होतं: बारा वर्षांपूर्वी दरड कोसळल्यापासून सलग नऊ दिवस. त्याच दरडीखाली तिचा बाप जागच्या जागी गेला, असं सगळे सांगत.

“हणमंतकाका, हे ऐका.”

म्हाताऱ्या मुकादमाने डोळे मिटले.

“तेव्हाही ऐकलं होतं, पोरी. आपल्यात तीन ठोके म्हणजे दगड पक्का. वाटलं, कुणीतरी दगड तपासतंय. मीही वरून तीन ठोके दिले, अन् कामाला लागलो.”