गाडी तुरुंगावरून जाणार नाही

"आजपासून गाडी तुरुंगावरून जाणार नाही, मावशी," हमादी कंडक्टर हळूच म्हणाला आणि दारात आडवा हात घालून उभा राहिला.

मब्रूकाचा एक पाय पायरीवर होता. तो तिने खाली घेतला नाही. "जाणार नाही म्हणजे? दर बुधवारी जाते ती?"

"मार्ग बदललाय. ऑलिव्हच्या घाण्यापासूनच वळते आता."

"कुणी बदलला?"

"कंपनीने."

"मग कागद कुठाय?"

गेल्या वर्षी थांबा नुसता मशिदीच्या या अंगाहून त्या अंगाला नेला, तर कंपनीने बेकरीच्या दारावर, कॉफीवाल्याच्या भिंतीवर, गाडीच्या काचेवर, दिसेल तिथे कागद डकवले होते. मब्रूकासारख्यांना वाचता येत नाही, म्हणून हाच हमादी पायरीवर लोंबकळत आठवडाभर गावात बोंबलत फिरला होता. आज काच कोरी होती, आणि हमादी कानाशी बोलत होता.

"कागद उद्या लावतील," तो म्हणाला. "तू घरी जा. घरी येऊन सांगतील तुला नीट."

"घरी येऊन? बसचा मार्ग बदलला हे सांगायला माझ्या दारात माणूस येणार? मी काय गव्हर्नरची सासू लागून गेले?"

एरवी गाडीत हशा पिकला असता. आज कुणी हसलं नाही. ड्रायव्हर लज़हरने रेडिओसुद्धा बंद केला.

दुपारच्या आत मब्रूका तुरुंगाच्या फाटकावर पोचली नाही तर टोपली आत घेत नाहीत, हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग मोन्सेफ आठवडाभर तिथलं पाणचट कालवण खाणार. तिचा एकुलता एक. गावाला पाणी मिळावं म्हणून रस्ता अडवला आणि आत गेला. मागच्या भेटीत त्याचा घसा बसला होता, म्हणून आज भरल्या मिरच्या, अंडी आणि पहाटे भाजलेल्या भाकरीसोबत मधाची बाटली होती. टोपली मात्र शेजारणीची, उसनी. तिची स्वतःची, दांड्याला लाल दोरा बांधलेली, मागच्या बुधवारी आतच राहिली होती.

एरवी रिकामी टोपली मळक्या कपड्यांसकट परत यायची. "बूट पण पाठव की धुवायला, वास मारत असतील," ती एकदा जाळीपलीकडून म्हणाली होती.

"बूट बाहेर येतील तेव्हा मी त्यातच उभा असेन, आई," तो हसून म्हणाला होता. त्या वाक्यावर बाई दिवस काढत होती.

खिडकीशी सलवा बसली होती, नवऱ्यासाठीची टोपली मांडीवर घेऊन.

"सलवा, अगं मग तू कशी जाणार?"

"मी... मी आज बहिणीकडे चाललेय."

"बहिणीला टोपली?"

सलवाने ओढणीत तोंड खुपसलं.

"बरं, मला घाण्यापर्यंत तरी ने," मब्रूका हमादीला म्हणाली. "पुढचं बघते मी. पाय आहेत मला."

"नको ना, मावशी. ऐक माझं. आजचा दिवस घरी बस." त्याने तिचा दंड धरून तिला हलकेच खाली उतरवलं. दार लागलं, गाडी सुटली.

"आग लागो तुझ्या कंपनीला!" ती मागून ओरडली.

घरी बसणारी ती बाई नव्हे. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने टोमॅटोचा एक टेम्पो अडवला. टेम्पोवाला परगावचा, तिला ओळखत नव्हता. त्याने मुकाट्याने बसवून घेतलं. वाटभर ती कंपनीचा आणि हमादीचा उद्धार करत होती. तो बिचारा मान हलवत होता.

फाटक दिसलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी समोर उभी होती. नेहमीच्या जागी. सलवा टोपली घेऊन रांगेत होती.

म्हणजे सगळ्यांसाठी जाते, फक्त मब्रूकासाठी जात नाही! ती उतरून तरातरा निघाली. "खोटारड्या! काय वाकडं केलं होतं रे मी तुझं? लहानपणी माझ्या हातचं खाल्लंस ना?"

रांगेतली माणसं बाजूला सरकली. कुणी तिच्याकडे बघेना.

हमादी फाटकाशी पाठमोरा उभा होता. पहारेकरी त्याच्या हातात काहीतरी देत होता. "तूच नेऊन दे बाबा," तो खालच्या आवाजात म्हणत होता. "आमच्यातलं कुणी त्या बाईसमोर जायला तयार नाही."

हमादी वळला आणि जागीच थिजला. लाल दोऱ्याची टोपली त्याने पोटाशी धरली होती. कपडे घडी घातलेले होते, आणि सगळ्यात वर, नाड्या एकमेकींत बांधलेले, मोन्सेफचे बूट होते.