फडक्याचा वास

"बाबा, जरा जवळ या," लेक म्हणाली. "आणि तोंडाने श्वास सोडा."

बाबा गॅरेजमधून नुकतेच जेवायला आत आले होते. टेबलाशी जावई बसला होता, शेजारी त्याची आई. सासूबाईंचा वाढता हात तसाच थांबला. बाबांनी हातातली स्टीलची पाण्याची बाटली काखेत धरली आणि मुकाट्याने लेकीपुढे येऊन उभे राहिले.

वास ओळखीचा होता. तिचं अख्खं बालपण या वासात गेलं होतं.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. हात असा, की बंद पडलेलं इंजिन त्यांच्या नुसत्या खाकरण्याने सुरू व्हावं. पण दिवस मावळला की हाच माणूस दुसरा कुणीतरी व्हायचा. तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते झोकांड्या खात आले, पहिल्या रांगेत बसले आणि भलत्याच मुलीसाठी टाळ्या पिटत राहिले. हे आमच्या शेजारी राहतात, असं तिने तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं. नात झाली त्या दिवशी बाबांनी दारू सोडल्याचा शब्द दिला, आणि त्यावरच लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं.

आता कुठे सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात नातीच्या शाळेची बस बंद झाली, नवरा-बायको दोघांच्याही नोकऱ्या सकाळच्या. तिला शाळेत मी सोडीन, बाबा म्हणाले होते, माझी जुनी व्हॅन आहे की. फक्त तिचं इंजिन आधी फ्लेक्स फ्युएलचं करून घेतो. पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही मिसळून घाला, म्हातारी कुरकुर करणार नाही. लेकीने हौसेने नव्या नळ्या, सेन्सर आणि इथेनॉलचा भलामोठा कॅन मागवून दिला. तेव्हापासून बाबा गॅरेजचं दार आतून लावून कामाला लागले होते. ठिणगी पडली तर नसती आफत, म्हणून आत कुणाला मज्जाव होता.

"वास येतोय," लेक सगळ्यांदेखत म्हणाली.

जावयाने घास खाली ठेवला. असं असेल तर मुलगी व्हॅनमध्ये बसणार नाही, एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. आपला बाप आपल्या सासरच्यांपुढे पुन्हा एकदा झोकांड्या खातोय, असं लेकीला वाटलं आणि तिचे कान तापले.

बाबा तसेच मागे वळले. ते गॅरेजमध्ये गेले आणि एक मळकं, ओलं फडकं घेऊन आले. ते त्यांनी लेकीच्या नाकाशी धरलं. तोच वास, पण दसपट.

"इथेनॉल म्हणजे दारूच की गं," ते हळू आवाजात म्हणाले. "फरक एवढाच, की ही इंजिन पितं. जुन्या रबराच्या नळ्या ही खाऊन टाकते, म्हणून सगळ्या बदलतोय. दिवसभर हात त्यातच. मग अंगाला काय अत्तराचा वास येणार?"

सासूबाई खुदकन हसल्या. जावई ओशाळून म्हणाला, बसा बाबा, जेवून घ्या. लेकीने मात्र ताट बाजूला सारलं. म्हाताऱ्या बापाला चार माणसांत तोंड हुंगायला उभं केलं, जसे काही चोराचे खिसे तपासले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री तिने नवऱ्याला बजावलं, की यापुढे बाबांच्या वासाबद्दल या घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि खरंच कुणी काढला नाही.

व्हॅन तयार झाली ती कडाक्याच्या थंडीत. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. इथेनॉलवर गाडी गारठ्यात उठायला कुरकुरते असं तुम्हीच म्हणाला होतात ना, जावयाने विचारलं. हात कुणाचा लागलाय, बाबा मिशीत हसले, आणि सगळ्यांनी हसून माना डोलावल्या.

नात दप्तर घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. लेकीने तिचा पट्टा लावला. बाबांसाठी काय करू न् काय नको असं तिला झालं होतं. स्टीलची बाटली दिसताच तिने हात पुढे केला.

"द्या, गरम पाणी भरून देते."

"राहू दे," बाबा म्हणाले आणि बाटली मांडीशी घेतली. "भरलेली आहे."

"बाबा, त्या दिवशी मी चुकले," ती म्हणाली. "मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते."

"वेडी आहेस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते बघून तिला आणखीच भरून आलं. गाडी फाटकातून बाहेर पडली. नातीने खिडकीतून हात हलवला, तो वळणापर्यंत दिसत होता.

नातीच्या घाईत बाबा आज गॅरेजला कुलूप लावायला विसरले होते. लेकीने झाडू घेतला. निदान त्यांची जागा तरी लख्ख करून ठेवावी, तेवढंच मनावरचं ओझं हलकं होईल. आत तो वास कोंडून राहिला होता, पण आता तिने नाक मुरडलं नाही. तिने जमीन झाडली, नटबोल्टचे पाने पुसून ओळीने लावले आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचलून झटकलं.

खाली नव्या नळ्यांचं पाकीट होतं, पिना न काढलेलं. सेन्सरचा खोका होता. आणि त्यांच्यामागे इथेनॉलचा तो भलामोठा कॅन उभा होता, काठोकाठ भरलेला, झाकणावरचं सील जसंच्या तसं.