तबकडीवरचा लाल ठिपका

हिवाळ्यातल्या आजारात डेन्झिलचे दोन्ही कान गेले आणि त्याने आपली १९५४ सालची मोटरसायकल ताडपत्रीखाली झाकून ठेवली. आयुष्यभर तो इंजिनाच्या आवाजावर गिअर बदलत आला होता. आता कशाच्या भरवशावर बदलणार?

एप्रिलमध्ये शेजारचा पास्को इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे काट्यावर दाखवणारं यंत्र, घेऊन आला. जुन्या गाड्यांच्या क्लबात हा परीक्षक. एक नवा स्क्रू दिसला तरी गुण कापायचा. त्याने प्लगच्या वायरीला बारीक तार गुंडाळली, हँडलवर तबकडी बसवली आणि किक मारली. मग डोळे मिटून हळूहळू अॅक्सिलरेटर पिळत राहिला, मध्येच थांबला, आणि काटा होता तिथे काचेवर लाल रंगाचा ठिपका दिला.

"असलं प्लास्टिक माझ्या गाडीला? मेळाव्यात तूच मला हाकलशील," डेन्झिल म्हणाला.

पास्कोने वहीत लिहून दाखवलं, "परीक्षकपद काल सोडलं. आता मुकाट्याने बस गाडीवर."

डेन्झिल बॉडमिनचा चढ चढून आला. काटा ठिपक्यावर आला की गिअर बदलायचा, एवढंच. गाडी एकदाही अडखळली नाही.

"अगदी माझ्यासारखी चालली रे," डोळे पुसत तो म्हणाला. "हा आकडा कुठल्या पुस्तकात मिळाला तुला?"

पास्कोने लिहिलं, "बत्तीस वर्षं तुझ्या मागून गाडी चालवतोय. तुझा गिअर कुठल्या आवाजावर पडतो, ते माझ्या कानांत आहे."